रिक्षाचा ब्रेक पायडल पुन्हा पुन्हा खाली जातोय? ऑइल ओतण्याआधी एवढं बघा

आमच्या स्टॉपवर सकाळी कुणी ना कुणी ब्रेक ऑइलची बाटली टाकीत उपडी करताना दिसतोच. ओतायचं, चार वेळा पायडल मारायचा, "बसला बघ ब्रेक" म्हणायचं आणि भाडं घेऊन सुटायचं. आठ दिवसांनी तोच माणूस, तीच बाटली. मला हसायचा हक्क नाही, कारण दीडेक वर्ष मीही हेच केलंय. माझ्या गाडीचं मागचं डावं चाक एकाच दुखण्यासाठी चार वेळा उघडलं, तेव्हा कुठं मूळ सापडलं. त्यानंतर स्टॉपवरच्या बऱ्याच गाड्यांना हेच बघून दिलं.

ब्रेक ऑइल पेट्रोलसारखं जळून संपत नाही. ते बंद नळीत असतं. लायनर, म्हणजे ड्रमला घासणारा थर, झिजत जातो तशी टाकीतली पातळी महिनोन्‌महिने हळूहळू उतरते, तेवढं रास्त आहे. पण आठवड्यात बोटभर कमी झालं तर ते कुठंतरी बाहेर पडतंय, आणि ती जागा सापडेपर्यंत वरून ओतणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं.

हे सगळं तिन्ही चाकांना हायड्रॉलिक ड्रम ब्रेक असलेल्या प्रवासी रिक्षांबद्दल आहे. पायडल दाबला की मास्टर सिलिंडर ऑइल ढकलतो, चाकातला व्हील सिलिंडर त्या दाबानं शू बाहेर सरकवतो आणि शूवरचा लायनर फिरत्या ड्रमला आतून घासतो. दोन्ही अंगाला जादा चाकं लावून तीन-चार चाकी केलेल्या मोपेडला पुष्कळदा केबलचा ब्रेक असतो, त्याचं गणित निराळं.

आधी लक्षण नीट ओळखा

"ब्रेक लागत नाही" हे लक्षण नव्हे. फिटरकडं जाऊन एवढंच सांगितलं तर तोही अंदाजानं काहीतरी उघडणार. पाय काय सांगतोय ते बघा.

- पायडल खाली जातो, पण भराभर दोन-तीन वेळा मारला की वर येतो आणि टणक लागतो: शू आणि ड्रममधली फट वाढलीय. ॲडजस्टमेंट हवी, नाहीतर लायनर संपत आलेत.
- पायडल फुग्यावर पाय ठेवल्यासारखा मऊ लागतो: आत हवा आहे.
- दाबून धरला की हळूहळू बुडत जातो: ऑइल गळतंय, नाहीतर मास्टर सिलिंडरचं रबर आतल्या आत गेलंय.
- पायडल कडक, पण गाडी थांबत नाही: लायनर तेलकट झालेत, चकाकून गुळगुळीत झालेत किंवा पाण्यातून नुकतेच बाहेर आलेत.
- ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढते: मागच्या दोन चाकांत भांडण आहे. पुढं चाक एकच, ते सहसा बाजूला ओढत नाही. त्यामुळं शोध निम्म्यावर येतो.
- उतारावर सोडली तरी गाडी जड जाते आणि एक ड्रम जास्त तापतो: ब्रेक सुटत नाहीये.
- पायडल पायाखाली धडधड उसळतो: ड्रम गोल राहिलेला नाही.
- ब्रेक सकाळी ठीक, पन्हाळा किंवा जोतिबाच्या उतारावर गायब, अर्ध्या तासानं पुन्हा ठीक: ऑइल जुनं झालंय. हे सगळ्यांत फसवं आहे, त्यावर पुढं सविस्तर लिहिलंय.

दोन-तीन लक्षणं एकत्र असतील तर घाबरू नका. एका गळक्या व्हील सिलिंडरमुळं पायडल बुडतो, हवा शिरते, लायनर तेलकट होतो आणि गाडी ओढायलाही लागते. म्हणून क्रम सोडू नका, फुकटातलं आधी.

१. पायडलच्या खाली बघा

हसू नका. चैत्र यात्रेत जोतिबाहून उतरताना एका गाडीचा ब्रेक अर्ध्यात अडला. केर्लीच्या अलीकडं हॅन्डब्रेकवर गाडी थांबवली, तर पायडलमागं नारळ. प्रवाशाच्या पिशवीतून घरंगळत आला होता. पाण्याची बाटली, दुमडलेलं मॅट, पुसायचं फडकं, यातलं काहीही पायडलला अडवू शकतं.

मग पायडलला हातानं हलकेच ढकला. सुरुवातीला थोडा मोकळा खेळ लागला पाहिजे. तो का हवा? पायडल सोडल्यावर मास्टरमधला पिस्टन पूर्ण मागं गेला, तरच टाकीकडं जाणारं बारीक भोक उघडं पडतं आणि गरम होऊन फुगलेलं ऑइल परत वर जातं. "ब्रेक वर पाहिजे" म्हणून कुणी रॉड पिळून हा खेळ संपवला, तर ऑइल नळीतच अडकतं, शू ड्रमला चिकटून राहतात आणि दहा किलोमीटरवर ड्रम चटका देतात. स्टॉपवर अशा दोन गाड्या बघितल्यात. दोन्हींचे मालक व्हील सिलिंडरच्या नावानं बोटं मोडत होते.

याच वेळी मागच्या दोन्ही टायरांची हवा बघा. एका बाजूला हवा कमी असेल तरी ब्रेक मारल्यावर गाडी ओढते, आणि त्यासाठी ड्रम उघडायची गरज नसते.

२. ऑइलची टाकी

टोपण उघडण्याआधी भोवतीची धूळ ओल्या फडक्यानं पुसा. आत पडलेला वाळूचा एक कण मास्टरचं रबर कापू शकतो. आता पातळी बघा आणि रंगही बघा. नवं ऑइल पारदर्शक, फिकट पिवळसर असतं. चहासारखं काळपट झालं असेल तर ते बदलायला आलंय, पातळी भरलेली का असेना.

कारण असं: आपण घालतो ते डॉट ३ किंवा डॉट ४ दर्जाचं ऑइल हवेतला ओलावा पितं, आणि आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात त्याला पिण्यासारखं भरपूर मिळतं. डॉट ३ चा मापदंड असा की कोरं ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळू नये. पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच हद्द १४० वर येते. डॉट ४ ला हे आकडे २३० आणि १५५ आहेत. पन्हाळ्याहून तीन माणसं घेऊन उतरताना पाय सतत ब्रेकवर असेल, तर तापलेल्या ड्रमजवळचं ओलसर ऑइल उकळतं. त्याची वाफ होते, वाफ दबते, आणि पायडल सरळ जमिनीला. खाली येऊन चहा पिईपर्यंत वाफेचं पुन्हा ऑइल होतं आणि ब्रेक जागेवर. फिटरला दाखवायला जावं तर गाडी ठणठणीत. "तुझ्याच पायात दोष आहे" असं मीही ऐकून घेतलंय.

अर्धी वापरून टोपण सैल ठेवलेली बाटली महिनोन्‌महिने सीटखाली लोळत असेल तर ती फेकून द्या. त्या ऑइलनं बाटलीतच पाणी पिऊन घेतलेलं असतं. लहान बाटली आणा, सीलबंद आणा. टाकीच्या टोपणावर डॉट ३ लिहिलं असेल तर डॉट ३ घाला. डॉट ५ हा निराळाच प्रकार आहे, सिलिकॉनचा. आकडा मोठा म्हणून तो मिसळू नका. आणि वेळेला मिळालं नाही म्हणून इंजिन ऑइल किंवा डिझेल तर थेंबभरसुद्धा नको. ब्रेकची रबरं त्यानं फुगून लोळागोळा होतात, मग मास्टरपासून तिन्ही चाकांपर्यंत सगळी रबरं आणि हौज बदलावे लागतात.

रंगावर ऑइल सांडलं तर लगेच पाणी मारा. रिक्षा सजवण्यात आपली कोल्हापूरची माणसं किती पैसा घालतात हे काय सांगायला हवं? त्या रंगाचा पापुद्रा ब्रेक ऑइल तासाभरात उचलतं.

३. पायडल दाबून वीसपर्यंत मोजा

इंजिन बंद, गाडी सपाटीवर. नेहमीच्या जोरानं पायडल दाबा आणि तसाच धरून सावकाश वीसपर्यंत मोजा. जागेवर राहिला तर ठीक. खाली सरकत गेला तर खाली उतरून ओल शोधा. बाहेर कुठंच ओल नाही, टाकीतली पातळीही तेवढीच, तरी पायडल बुडतोय, मग मास्टरचं रबर आतून ऑइल मागं सोडतंय. घरगुती दुरुस्ती इथंच संपली, थेट खालच्या "इथं थांबा, फिटर गाठा" या भागाकडं जा.

४. ओल शोधा

सगळ्यांत जास्त वेळ इथं घालवा. एकही नट न उघडता बहुतेक दुखणी इथंच कळतात.

मास्टरपासून सुरू करा: पायडलचा रॉड जिथं आत शिरतो तिथला रबरी टोप उचलून बघा. मग लोखंडी पाईप, विशेषतः क्लिपखाली, जिथं चिखल साचून गंज धरतो. मग पुढच्या चाकाचा रबरी हौज. हॅन्डल पूर्ण डावीकडं आणि पूर्ण उजवीकडं फिरवून बघा, कारण सरळ असताना न दिसणारी चीर वाकवल्यावर उघडते. पायडल दाबलेला असताना हौज फुगत असेल तर तो गेला. शेवटी मागच्या चाकांची आतली बाजू. टायरच्या भिंतीवर ओला ओघळ आणि बॅक प्लेटच्या (ड्रममागच्या न फिरणाऱ्या पत्र्याच्या) खालच्या कडेला थेंब दिसला, तर व्हील सिलिंडर गळतोय.

आमच्याकडं यासाठी एक फुकटची युक्ती आहे, ती गुलालानं शिकवली. यात्रेच्या फेऱ्या करून आलं की गाडीभर गुलाल असतो. कोरड्या जागेवरचा गुलाल वाऱ्यानं उडून जातो, ओल्या जागी तो रुतून बसतो. एका वर्षी डाव्या बॅक प्लेटवर, व्हील सिलिंडरच्या बरोबर खाली, करंगळीएवढी गुलाबी रेघ उमटलेली दिसली. उजवी बाजू साफ. आता मी वर्षभर हेच करतो. संशयाची जागा फडक्यानं पुसून कोरडी करायची, त्यावर टाल्कम पावडर मारायची, दोन फेऱ्या करून यायचं. गळती आपली आपण रेघ ओढून दाखवते.

ओल दिसली म्हणजे ब्रेक ऑइलच असं नाही. मागं गिअर ऑइलही गळू शकतं. बोटाला लागलेला थेंब वाटीभर पाण्यात टाका. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जातं, गिअर ऑइल वर तवंग धरून तरंगतं. तवंग आला तर ब्रेकचं काम करण्याआधी तिकडचं सील बघून घ्या, नाहीतर नवे लायनर पंधरा दिवसांत पुन्हा तेलात भिजतील.

५. हॅन्डब्रेक

तो मागच्या चाकांवर केबलनं चालतो. सोडल्यावर केबल पूर्ण ढिली होते का एवढंच बघा. पावसात रात्रभर हॅन्डब्रेक ओढून गाडी ठेवली की शू गंजून ड्रमला चिकटतात. घरासमोर सपाटी असेल तर गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावा, हॅन्डब्रेक सोडून ठेवा.

६. ॲडजस्टमेंट

इथून पुढं जॅक लागतो, म्हणून आधी रिक्षाचा स्वभाव समजून घ्या. मागचं एक चाक उचललं की हॅन्डब्रेकच्या भरवशावर राहता येत नाही, कारण आता तोच ब्रेक उघडायचाय. गिअरचाही भरवसा नाही. डिफरन्शियलमुळं उचललेलं चाक मोकळं फिरतं आणि जमिनीवरच्या चाकाला गिअर धरून ठेवत नाही. म्हणजे गाडी अडवायला उरलं पुढचं चाक. त्याच्या पुढंमागं दोन्हीकडं विटा किंवा लाकडी ठोकळे घट्ट बसवा. जमीन सपाट आणि टणक हवी. जॅक फक्त उचलायला. उचलल्यावर खाली जाड लाकडी ठोकळा सरकवा आणि भार त्यावर घ्या.

ॲडजस्टर गाडीगणिक वेगळा. कुठं बॅक प्लेटच्या मागून पान्यानं फिरवायचा असतो, कुठं भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालून दाते सरकवायचे. नव्या काही गाड्यांत तो आपोआप चालतो, तिथं हात लावू नका. हातानं फिरवायचा असेल तर चाक फिरवत फिरवत आवळा. शू घासून चाक अडलं की मागं सोडा, चाक मोकळं फिरेल आणि जेमतेम खस्स खस्स ऐकू येईल इतपत. दोन्ही बाजूंना सारखंच करा. एका बाजूला जास्त आवळलं तर ब्रेक मारताना गाडी तिकडं वळते, आणि वळणावर तीन चाकांच्या गाडीला ते महागात पडतं.

फट बरोबर केल्यावर पायडल वर आला आणि पातळी नंतर पंधरा दिवस हलली नाही, तर काम झालं. पुढचं वाचू नका, धंद्याला लागा.

७. ड्रम उघडणं

चाक काढताना एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. आपल्या ४.००-८ मापाच्या टायरची रिम बहुतेक गाड्यांत दोन तुकड्यांची, नटांनी जोडलेली असते. चाक ड्रमला धरणारे नट निराळे आणि रिमचे दोन तुकडे धरणारे नट निराळे. हवा भरलेली असताना चुकून रिमचे नट उघडले तर रिम स्फोटासारखी उडते. कुठले कुठले याची खात्री नसेल तर आधी हवा सोडा.

ड्रम मधल्या मोठ्या नटावर आणि स्प्लिट पिनवर बसलेला असेल, निघत नसेल, तर हातोड्यानं ठोकून कान तोडू नका. ॲडजस्टर पूर्ण सैल करून बघा. तरी येत नसेल तर पुलर (ड्रम ओढून काढायचं हत्यार) लागतो, आणि पुलर नसेल तर फिटर लागतो.

निघालाच तर आतली काळी पूड तोंडानं फुंकू नका, हवा मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ती धूळ फुप्फुसात गेली की परत निघत नाही. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. ड्रम बाहेर असताना पायडलला कुणाचा पाय लागणार नाही हेही बघा. लागला तर व्हील सिलिंडरचे पिस्टन उडी मारून बाहेर येतील.

आता बघायचं काय? लायनर रिव्हेटचा असेल तर रिव्हेटची डोकी किती खोल आहेत ते. डोकी वर आली की ती ड्रममध्ये चर पाडतात. चर पडलेला किंवा लांबटलेला ड्रम उद्यमनगरात कुठल्याही चांगल्या टर्नरकडं लेथवर साफ करून मिळतो, पण त्यालाही हद्द असते. जास्तीत जास्त व्यास सहसा ड्रमवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, त्यापुढं गेलेला ड्रम भंगारातच.

तेलात भिजलेला लायनर पेट्रोलनं धुऊन किंवा शेगडीवर भाजून परत बसवणारे भेटतील. बसवू नका. वरून कोरडा दिसतो, ड्रम तापला की आतलं तेल पुन्हा वर येतं. शू बदलायचे तर मागच्या दोन्ही चाकांचे एकदम.

मग व्हील सिलिंडर. रबरी टोपाची कड बोटानं उचला. आत किंचित दमटपणा चालतो, ऑइल ओघळलं तर सिलिंडर गेला.

मी चारदा फसलो तो इथंच. दरवेळी रबराचं किट आणलं, बसवलं, ब्रेक छान लागला, आणि दीड-दोन महिन्यांत पुन्हा ओल. किटच नकली असणार असं धरून मी दुकानं बदलत राहिलो. शेवटी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या फिटरकडं सिलिंडर घेऊन गेलो. त्यांनी तो कपड्यानं पुसला, उजेडाकडं धरला आणि माझ्या हातात दिला.

"आत नख फिरव."

"फिरवलं मामा."

"अडतंय का?"

अडत होतं. बोराच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भोकाच्या, खालच्या अंगाला टाचणीच्या टोकाएवढे तीन-चार खड्डे.

"मग? रबर कितीबी नवं घाल. खड्ड्यावरनं घासत जातंय ते. गाडी पाण्यात होती न्हवं?"

होती. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात गाडी शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ पाहुण्यांच्या दारात अडकली होती. चाकं पाण्यात गेली, इंजिन वाचलं, म्हणून मी देवाचे आभार मानून गप्प बसलो. इंजिनचं, गिअरचं ऑइल बदललं, ब्रेकचा विचारच केला नाही. पाणी रबरी टोपाखालून आत शिरलं, तळाला थांबलं आणि बोराला गंजाचे डाग पाडून गेलं. २०२१ ला पुन्हा महापूर आला तेव्हा, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकतंय म्हटल्यावर, ४३ ची धोक्याची पातळी यायची वाट न बघता गाडी उंचावर नेऊन लावली.

तर नियम सोपा आहे. बोर आरशासारखा गुळगुळीत असेल तरच किट. नख अडलं तर पॉलिश पेपरनं घासत बसू नका, सिलिंडर नवा घ्या. किट बसवतानाही भाग रॉकेल-पेट्रोलनं धुऊ नका, स्वच्छ ब्रेक ऑइलनंच धुवा आणि त्यातच भिजवून बसवा. आणि महापुरात चाकं बुडाली असतील तर तिन्ही ड्रम उघडून बघा, ब्रेक कितीही छान लागत असला तरी. दुधाळी, शाहूपुरीकडच्या मंडळींनी हे खास लक्षात ठेवावं.

८. एअर काढणं

पाईप किंवा सिलिंडर उघडला की हवा शिरणारच. दोन माणसं लागतात. आमच्या घरी पोरगं पायडलवर, मी चाकाखाली.

टाकी भरा. मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरू करा, म्हणजे आधी मागची दोन, शेवटी पुढचं. निप्पलवर (हवा सोडायच्या बारीक नटावर) गंज असेल तर गंज सोडवायचं तेल मारून थांबा आणि बरोबर बसणारा रिंग पानाच लावा. फिक्स पान्यानं कोपरे गोल होतात आणि निप्पल तुटला की सिलिंडरच बदलावा लागतो. निप्पलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक थोडं ऑइल घेतलेल्या बाटलीत बुडवलेलं.

"दाब." पोरगं तीन-चार वेळा सावकाश दाबतं. "धर." धरून ठेवतं. मी निप्पल पाव फेरा सोडतो, बुडबुडे येतात, पायडल खाली जातो. मी निप्पल बंद करतो, आणि त्यानंतरच "सोड". हा क्रम चुकला, बंद करण्याआधी पाय उचलला, तर नळीतून उलटी हवा आत. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. दर चार-पाच वेळांनी टाकीत डोकावा. टाकी कोरडी पडली तर सगळं पहिल्यापासून. बाटलीत निघालेलं ऑइल पुन्हा वापरायचं नाही.

जुन्या गाडीत पायडलच्या खाली लाकडाचा तुकडा ठेवा, म्हणजे तो पार तळाला जाणार नाही. रोजच्या वापरात मास्टरचा पिस्टन जिथवर जातो त्यापुढच्या भागात घाण आणि गंज साचलेला असतो. एअर काढताना रबर त्यावर जोरात घासलं तर चाक दुरुस्त होतं आणि मास्टर जातो.

इथं थांबा, फिटर गाठा

- वीस मोजेपर्यंत पायडल बुडतोय आणि बाहेर ओल कुठंच नाही. मास्टरचं काम रस्त्याकडेला बसून करायचं नाही.
- लोखंडी पाईप गंजलाय किंवा चिरलाय. तो कापून, रबरी नळी आणि क्लिप लावून जोडलेला मी बघितलाय. त्या दाबाला ती टिकत नाही.
- दोनदा एअर काढूनही पायडल मऊच.
- ड्रम निघत नाही, निप्पल तुटला, बॅक प्लेटला चीर आहे किंवा चाक हलवल्यावर बेअरिंगचा खेळ लागतोय.
- चुकीचं तेल टाकीत गेलंय. गाडी चालवत नेऊ नका, टेम्पोत घालून न्या.
- घाटात एकदा जरी पायडल जमिनीला लागला असेल आणि कारण सापडलं नसेल.

आणि तुम्ही शाळेची पोरं ने-आण करत असाल तर माझं ऐका, सहाव्या पायरीनंतर स्वतः काहीच करू नका. पासिंगला ब्रेक बघतात, पण आठ वर्षांपर्यंतच्या गाडीचं फिटनेस दोन वर्षांनी आणि त्यापुढं दर वर्षी. मधले दिवस आपलेच असतात.

घाटात ब्रेक गेलाच तर इंजिन बंद करू नका, न्यूट्रल करू नका. खालच्या गिअरमध्ये आणा, पायडल भराभर मारत राहा, हॅन्डब्रेक झटक्यानं न ओढता थोडा थोडा ओढा, आणि डोंगराच्या अंगाला घ्या.

काम झाल्यावर

पहिली चाचणी रस्त्यावर नाही. इंजिन बंद ठेवून पायडल दाबा, वीस मोजा. मग मोकळ्या मैदानात माणसाच्या चालीनं चालवून ब्रेक, मग वीसच्या वेगानं ब्रेक, हॅन्डल सैल धरून, म्हणजे गाडी ओढते का ते कळतं. पाच किलोमीटर फिरून आल्यावर तिन्ही ड्रमच्या जवळ हात न्या, टेकवू नका. मागच्या दोघांची धग सारखी लागली पाहिजे. चाकाचे नट दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळा.

त्या रात्री तिन्ही चाकांखाली कोरडा पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी पुठ्ठ्यावर चार आण्याएवढा जरी डाग दिसला तरी बाटली काढू नका आणि गाडी स्टॉपवरही नेऊ नका. ज्या चाकाखाली डाग आहे ते चाक पुन्हा उघडा.